बोदवडच्या जिनाचा पापड

पारोळा मागं पडलं तरी सुगंधाअक्कांनी तोंड उघडलं नव्हतं आणि ज्योतीला त्याचीच काळजी लागून राहिली होती. एरवी सासूबाई गाडीत बसल्या की एरंडोलपासून त्यांना मळमळायला लागतं. काच उघडायची असते, मग बंद करायची असते, मग लवंग हवी असते. आज काही नाही. मांडीवर कंपनीच्या इतिहासाचं टाइप केलेलं बाड, त्यावर दोन्ही हात, आणि नजर समोर.

"अक्का, लवंग देऊ?" ज्योतीनं तिसऱ्यांदा विचारलं.

"मला बरं वाटतंय गं. बरं वाटणाऱ्या माणसाला औषध कशाला देतेस?"

गाडी चालवणाऱ्या मुस्काननं आरशात आजीकडं पाहिलं. या सगळ्याला तीच जबाबदार होती. 'पूर्व खानदेश फायर अँड जनरल इन्शुरन्स कंपनी' या भारदस्त नावाच्या आपल्या घरच्या कंपनीचा इतिहास लिहायचं काम तिनं हौसेनं अंगावर घेतलं होतं. परवा दुपारी तिनं आजीला सातवं प्रकरण वाचून दाखवलं. अक्का मेथी निवडत ऐकत होत्या. एका वाक्याशी त्यांचे हात थांबले. 'बोदवडच्या जिनाच्या बाबतीत मात्र घरातील महिलांचा अंदाज चुकला.'

"हे कोणी सांगितलं?"

"नानांनी. मुलाखतीत."

"बरं," अक्का म्हणाल्या आणि मेथीची जुडी तशीच ठेवून उठल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की धुळ्याला देवपुरात धाकट्या दिराकडं, नानांकडं, जी शेवटची बैठक आहे तिला त्या येणार. गेल्या वीस वर्षांत दिराच्या बंगल्यात त्या फक्त लग्नाला आणि मरणाला गेल्या होत्या.

"आजी, मी ते वाक्य गाळूनच टाकते ना," मुस्कान आता पुन्हा म्हणाली. "कोणाला कळणारही नाही."

"गाळू नको. सत्तावन्न वर्षं गाळलंच आहे सगळ्यांनी. तू खरं लिही."

"पण खरं सांगणारे दोघंच. तुम्ही आणि नाना. आणि नाना उलटं सांगतात."

"म्हणून तर चालले," अक्का म्हणाल्या, आणि मग त्यांना एकदम लवंग हवीशी वाटली.

आता त्या कंपनीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण मुस्कानच्या पुस्तकात ते फार सभ्य भाषेत आलं आहे. हस्तीमलजींनी, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या बासांनी, अठ्ठेचाळीस साली जळगावात धान्याच्या दुकानाच्या माडीवर ही कंपनी काढली. विमापत्रावर छत्रीखाली उभा हत्ती छापायचं ठरलं. चित्रकारानं हत्ती बहुधा पाहिलेला नसावा. पंचवीस वर्षं कंपनीच्या कागदांवर छत्रीखाली एक समाधानी म्हैस उभी होती. पहिल्या वर्षी कंपनीनं दोन मोटारींचा विमा उतरवला आणि दिवाळीच्या आत त्या दोन्ही मोटारी एकमेकींवर आदळल्या. दोन्ही मालकांना कंपनीनंच भरपाई दिली. बासा तेव्हा म्हणाले होते म्हणे, की निदान तिसऱ्याशी भांडण नाही.

पण कंपनीचा खरा धंदा जिनांचा, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांचा. कापसाच्या गंजीला आग तीन कारणांनी लागते. ओल्या मालानं, बिडीनं आणि मालकानं. पहिल्या दोन कारणांसाठी कंपनीकडं पगारी इन्स्पेक्टर होता. तिसऱ्यासाठी बासांच्या पत्नी चंदनबाई होत्या. नव्या जिनाचा अर्ज आला की त्या मालकाच्या घरी जायच्या. कधी पापड लाटायला, कधी बाळंतीण बघायला. मालकाच्या बायकोचा गळा पाहायच्या, हात पाहायच्या. पोत दिसली नाही, पाटल्या दिसल्या नाहीत, आणि विचारल्यावर 'उजळायला टाकल्यात' असं उत्तर आलं, की जे समजायचं ते समजून परत यायच्या. पुढं त्यांचे गुडघे धरले आणि हे काम थोरल्या सुनेकडं, सुगंधाकडं आलं.

अडचण एकच होती. सून सासऱ्यासमोर पदर ओढून असायची आणि त्यांच्याशी एक शब्द बोलायची नाही. बासा सकाळी लवकर जैन स्थानकात व्याख्यानाला जायचे, तिथून परस्पर ऑफिसात. म्हणून चंदनबाईंनी रीत घालून दिली. दुपारच्या डब्यात तळलेला पापड असला तर विमा द्या. भाजलेला असला तर देऊ नका. जिल्ह्यातल्या निम्म्या जिनांचं भवितव्य अकरा वर्षं असं पापडावर ठरत होतं आणि मुस्कानच्या पुस्तकात याला 'जोखमीचे शास्त्रशुद्ध मूल्यमापन' असं नाव आहे. ते नाव तिच्या चुलत भावानं, संयमनं पुण्याच्या एका माणसाकडून घालून घेतलं होतं.

देवपूरच्या बंगल्यात संयम फाटकाशीच उभा होता. नानांचा हा नातू सत्तावीस वर्षांचा, उत्साही आणि कायम घाईत असायचा. येत्या रविवारी तो धुळ्यात स्वतःची विमा एजन्सी उघडणार होता. पाटीवर 'विम्यातली चौथी पिढी' असं लिहूनही झालं होतं, आणि त्याच कार्यक्रमात पुस्तकाचं प्रकाशन.

"अक्का! तुम्ही आलात! वा! काकू, बसा. मुस्कान, प्रिंटरला तीनपर्यंत फाइल द्यायची आहे. मी सांगितलंय त्याला की सातवं प्रकरण हाच पुस्तकाचा आत्मा आहे. नानांचा फोटो पूर्ण पान घेतोय."

"पूर्ण पान?" अक्का म्हणाल्या. "चेहरा मावेल ना?"

ज्योतीनं त्यांचा हात दाबला. दोन्ही घरांचं येणंजाणं आता कुठं सुरळीत झालं होतं. संयमनं मुस्कानला एजन्सीत भागीदार करून घेण्याची भाषा केली होती. हे सगळं एका पापडावरून मोडावं असं ज्योतीला मुळीच वाटत नव्हतं. गाडीतून उतरताना तिनं लेकीला बजावलं होतं, "आजीला सांभाळून घे. नानांना काही म्हणू नकोस."

प्रेमराजनाना दिवाणखान्यात पांढरा शर्ट घालून बसले होते. ऐंशी वर्षं, दात स्वतःचे, स्मरणशक्ती तर अशी की अठ्ठावन्न सालच्या लग्नात कोणी कोणाला काय आहेर केला तेही सांगतील. भाभीसांना, म्हणजे थोरल्या वहिनीला, दारात पाहून ते उठले. उठताना थोडे अडखळले आणि पुन्हा बसले.

"भाभीसा, तुम्ही एवढ्या लांब..."

"नव्वद किलोमीटर आहे, प्रेमराजजी. बोदवडला मी रेल्वेनं जायचे, तेव्हा स्टेशनवर तासन्‌तास बसायला लागायचं."

संयमनं घड्याळ पाहिलं आणि वाचायला सुरुवात केली. वाचता वाचता तो उभाच राहिला. "'नोव्हेंबर एकोणीसशे अडुसष्ट. एजंट लोटन पाटील बोदवडच्या निंबाशेठ यांच्या जिनाचा प्रस्ताव घेऊन आले. हस्तीमलजी त्या दिवशी दिवसभर स्थानकात पौषधव्रताला बसले होते. तेवीस वर्षांच्या प्रेमराजजींनी धाडसानं स्वतः सही केली. सव्विसाव्या दिवशी जिनाला आग लागली. कंपनीनं नऊ दिवसांत पूर्ण भरपाई दिली. या एका दाव्यानं खानदेशभर कंपनीचा शब्द...'"

"नाव झालं, हे खरं," अक्का म्हणाल्या. "त्र्याहत्तरला सरकारनं कंपनी घेतली तोवर दारात रांग होती."

"झालं तर मग!" संयम खुश झाला. "अक्कांनाही मान्य आहे."

"पुढचं वाक्य वाच."

संयमनं वाचलं. "'बोदवडच्या जिनाच्या बाबतीत मात्र घरातील महिलांचा अंदाज चुकला. डब्यात तळलेला पापड होता.'"

ज्योती सासूकडं पाहायला गेली आणि तिनं पाहिलं ते त्यांच्या हातांकडं. ते पदराचं टोक पिळत होते. सव्वीस वर्षं ज्योती या बाईबरोबर एका छताखाली राहिली होती. सासऱ्यांच्या, रुपचंदजींच्या अंत्ययात्रेच्या दिवशीसुद्धा तिनं हे हात स्थिर पाहिले होते.

"मी भाजलेला पाठवला होता," अक्का म्हणाल्या. "निंबाशेठच्या बायकोच्या गळ्यात काळा दोरा होता नुसता. पोरीच्या कानात काड्या होत्या. मी घरी येऊन शेगडीवर पापड भाजला. आग लागल्यावर बासांनी तुम्हाला विचारलं, प्रेमराजजी. डबा तुम्ही खाल्ला होता. तुम्ही सांगितलंत, तळलेला होता. त्यांनी मुलाचा शब्द मानला. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलणार कसे? पण पुन्हा कोणाच्या घरी पाठवलं नाही. पगारी माणूस नेमला. मी अकरा वर्षं केलेलं काम होतं ते."

"अक्का, आता जाऊ द्या ना," संयम समजुतीच्या सुरात म्हणाला. "एवढ्या वर्षांपूर्वीचा पापड..."

"जाऊ कशाला द्यायचं?" ज्योती एकदम बोलली. आपण बोललो याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. "हजार प्रती छापताय तुम्ही. हजार घरांत जाणार की आमच्या सासूबाई चुकल्या."

"मम्मी!" मुस्काननं आश्चर्यानं पाहिलं.

"काय मम्मी? खरं तेच म्हटलं."

संयमला आपली बाजू एकदम हलकी झाल्यासारखी वाटली आणि तो आजोबांच्या जवळ सरकला. "पण पुरावा काय? नाना सांगतात ते रेकॉर्डिंग आहे माझ्याकडं."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून ताईबाई आली. ती या घरात तीस वर्षं स्वयंपाक करत होती आणि चर्चा कितीही गंभीर असो, तिला ताटं थंड झालेली खपत नसत. "नाना, बठ्ठं थंडं व्हई राह्यनं. आदी जेवा, मंग भांडा."

सगळे जेवायला बसले. गट्ट्याची भाजी, फुलके, मुगाची डाळ. नाना नीट जेवत नव्हते. अक्का मात्र शांतपणे घास घेत होत्या. दोन फुलके झाल्यावर त्या सहज म्हणाल्या, "गट्टे चांगले झालेत, ताईबाई. प्रेमराजजी, त्या दिवशी डब्यात गट्टेच होते ना?"

आपल्या स्मरणशक्तीला कोणी साद घातली की नानांना राहवत नसे. "गट्टे कुठले, भाभीसा! चौदस होती. कार्तिकातली चौदस. बासांचं एकासणं असायचं, दिवसातून एकदाच जेवायचं, म्हणून डबा आला. पण सकाळी व्याख्यान ऐकून त्यांनी उपवास घेतला आणि पौषधाला बसले. घरी कोणालाच ठाऊक नव्हतं. लोटन समोर बसला होता आणि मला भूक लागलेली. केर-सांगरीची भाजी होती, सुकी. तिच्यात तुम्ही आमचूर जास्त घातला होता. पाच फुलके. गुळाचा खडा वेगळ्या पुडीत."

"वा," संयम म्हणाला. मोबाइल काढून त्यानं रेकॉर्डिंगसुद्धा सुरू केलं.

"आणि पापड?" अक्कांनी विचारलं.

"पापड मोठा. उडदाचा, मिरी भरडून घातलेली. डब्यात मावावा म्हणून मधोमध मोडलेला. काठाला थोडी राख होती, ती फुंकून टाकली आणि..."

नाना थांबले.

संयमला काही कळलं नाही. तो मोबाइल पुढं धरून बसला. मुस्कानला अर्धं कळलं. ताईबाई फुलका वाढायला वाकली होती, ती तशीच उभी राहिली.

"तळेल पापडले राख कशी लागी वं माय?" ती म्हणाली.

"म्हणजे?" संयम.

"म्हणजे पापड शेगडीवर भाजलेला होता," ज्योती म्हणाली. "कधी स्वयंपाकघरात गेला असतास तर तुला रेकॉर्डिंग लागलं नसतं."

नाना ताटाकडं पाहत होते. अजूनही सुटता आलं असतं, हे त्यांना कळत होतं. वय झालं, गोंधळ झाला म्हणता आलं असतं. संयमनं तर लगेच त्यांच्या वतीनं तसं म्हणायला तोंड उघडलंही होतं. पण नानांना एकदम तेवीस वर्षांचा तो मुलगा आठवला. आगीची तार आली त्या सकाळी आई रडत होती आणि तिच्या रडण्यातून त्याला पहिल्यांदाच कळलं होतं की पापडाला काही अर्थ असतो. न विचारता केलेली सही. नुकतीच ठरलेली सोयरीक. बासांचा शांत आवाज, 'पापड कसा होता?' आणि आपल्या तोंडून बाहेर पडलेला तो एक शब्द. दाराआड पदर ओढून भाभीसा उभ्या होत्या, हेही त्याला माहीत होतं.

"राहू दे, संयम," नाना म्हणाले. "भाजलेलाच होता. मला खाताना ठाऊक नव्हतं. बासांना सांगताना ठाऊक होतं. घाबरलो मी. नंतर कंपनीचं नाव झालं, लोक माझी पाठ थोपटायला लागले, तेव्हा तर सांगायचं राहूनच गेलं. राहून गेलं असंही नाही. सांगायचं नव्हतं."

"नाना, पण मग सातवं प्रकरण..." संयमचा चेहरा पडला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. लहानपणापासून झोपताना तो ही गोष्ट ऐकत आला होता.

"प्रकरण राहील. माझा फोटो काढून टाक."

"फोटो राहू द्या," अक्का म्हणाल्या. "तरणे होतात तेव्हा बरे दिसायचात. आणि सही तुमचीच आहे. त्या सहीमुळं नाव झालं. माझं ऐकलं असतं तर जिन जळलं असतं आणि आपल्याला कोणी ओळखलंही नसतं."

"तरीपण तुम्ही बरोबर होता."

"तरीपण मी बरोबर होते," अक्का म्हणाल्या. हे बोलताना त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवले नाहीत.

नानांनी उष्टा हात ताटात ठेवला, डावा हात छातीशी नेला आणि मान खाली घातली. "भाभीसा, मिच्छामि दुक्कडम्."

जैनाच्या घरात हे शब्द नवे नाहीत. संवत्सरीच्या दिवशी धाकटा थोरल्याला, थोरला धाकट्याला, प्रत्येक जण प्रत्येकाला म्हणतो. वर्षभरात जाणता-अजाणता दुखावलं असेल तर माफ करा. नाना तर दर संवत्सरीला धुळ्याहून जळगावला यायचे आणि सगळ्यांत आधी भाभीसांसमोर हात जोडायचे. घरात त्याचं कौतुक होतं.

"दर वर्षी येऊन म्हणता तुम्ही," अक्का म्हणाल्या. "सत्तावन्न वेळा म्हणालात. मीही रीत म्हणून लगेच माफ करत आले. तुम्ही कशाबद्दल मागताय ते तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी विचारलं नाही. आज सांगितलंत. आज लगेच जमणार नाही. जेवू द्या मला."

आणि त्या खरोखरच जेवल्या. सावकाश, आणखी एक फुलका घेऊन. नाना उष्टा हात ताटात तसाच ठेवून बसून राहिले. ताईबाईनं त्यांना वाढायला भांडं पुढं केलं, तर त्यांनी मानेनं नको म्हटलं. संयम एकदा घड्याळाकडं पाहणार होता, पण ज्योतीनं त्याच्याकडं पाहिलं आणि त्यानं ते टाळलं. मुस्कान बाड मांडीवर घेऊन काही खोडत होती, काही लिहीत होती.

अन्नाचा कण वाया जाऊ नये या जैन रीतीप्रमाणे अक्कांनी ताटात पाणी घालून ताट बोटांनी धुतलं, ते पाणी पिऊन टाकलं, पदरानं तोंड पुसलं.

"केलं माफ," त्या म्हणाल्या. "हात धुवा आता, वाळले तुमचे." मग मुस्कानकडं वळून, "काय लिहिलंस?"

मुस्काननं वाचलं, "'बोदवडच्या जिनाचा विमा उतरवू नये, असं सुगंधाबाईंनी कंपनीला कळवलं होतं. त्यांचा अंदाज बरोबर ठरला.'"

"पुन्हा वाच."

तिनं पुन्हा वाचलं. अक्का डोळे मिटून ऐकत होत्या.

"अजून एकदा," यावेळी नाना म्हणाले. "जरा मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."